याडीची सही

"मीठ कमी आहे" असं जो गिऱ्हाईक म्हणायचा, त्याला त्या बारमध्ये पुढचा पेग मिळत नसे. हा नियम मालकाचा नव्हता, सरकारचा तर नव्हताच. तो स्वयंपाकघरातल्या बाईचा होता. वेटर आत येऊन सांगायचा, "याडी, चार नंबरवाले मीठ मागून राह्यले," की ती हातातला झारा भिंतीवर दोनदा आपटायची. काउंटरवर आवाज जायचा आणि चार नंबरच्या टेबलावर बाटलीऐवजी गरम भाकर जायची. तिच्या रश्श्यात मीठ कधीच कमी नसे. ते कमी लागायला लागलं म्हणजे जीभ गेली, आणि जीभ गेली की डोकं जायला फार वेळ लागत नाही, असं तिचं शास्त्र होतं. ती स्वतः थेंबाला शिवलेली नव्हती. "आमचे बापजादे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले," ती म्हणायची, "मले मिठाचं कोण शिकवते?"

याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांच्या बोलीतला हा शब्द आमच्या यवतमाळच्या त्या कोपऱ्यात सगळ्यांच्या तोंडी बसला होता. कोमटी असो, कुणबी असो, बँकेतला साहेब असो, तिला याडीच म्हणायचा, आणि बारलाही याडीचाच बार म्हणायचा. पाटीवर दुसरं नाव होतं, त्याखाली 'फॅमिली रूमची सोय' असंही होतं. त्या फॅमिली रूमच्या हिरव्या पडद्याआड मी जन्मात कुठली फॅमिली पाहिली नाही. तिथे कांद्याची पोती असत. पाटीवरचं नाव मी इथे देणार नाही आणि याडीचं खरं नावही देणार नाही. का, ते पुढे कळेल.

आमचं लेआउट पडायच्या कितीतरी आधीपासून ते हॉटेल तिथे होतं. चहूकडे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं, मधून रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला टिनाचं छप्पर. कापसाच्या गाड्या जिनिंगला जाताना तिथे थांबायच्या. याडी तिथे नवऱ्याबरोबर आली ती भाकरी थापायला. नवरा लवकर गेला, ती राहिली. मग मालकाने परमिट काढलं, टिनाचा स्लॅब झाला, भट्टी गेली नि गॅस आला. त्यानंतर केव्हातरी वावरं एन.ए. झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, आणि आम्ही नोकरदार लोक प्लॉट घेऊन राहायला आलो. सगळ्यांत शेवटी आलो आणि आल्याबरोबर म्हणायला लागलो की इथे बार नको होता. मी तेव्हा दहावीत होते. आमच्या घराची मागची भिंत आणि तिच्या स्वयंपाकघराची मोरी यांत चार पावलांचं अंतर होतं.

त्या चार पावलांतून सकाळी दहाच्या सुमारास मसाला भाजल्याचा वास यायचा. धणे, खसखस, जवस, सुकं खोबरं, दगडफूल. माझी आई नाक मुरडून खिडकी लावून घ्यायची आणि पाचच मिनिटांत "गरम होते बाप्पा" म्हणत उघडायची. मटणावर बोटभर तर्री असायची, पण खाली रस्सा असा दाट की भाकर उभी राहील. आमच्याकडे पुरुषमंडळी गुरुवारी आणि शनिवारी मटण खात नाहीत. दारूला मात्र वार नसतो. त्या धर्मनिष्ठ लोकांसाठी याडी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा मिठात उकडून टेबलाटेबलावर ठेवायची. रविवारी दुपारी, मागेल त्यालाच, सळोई मिळायची. बकऱ्याच्या रक्ताचा तो पदार्थ आणि बरोबर जाड बाटी. सळोईचं नाव ऐकून माणसं पुसदहून यायची. पिणारे आणि नुसते खाणारे, असे दोन्ही.

आईने बारमधलं अन्न घरात आणायचं नाही असा दंडक घातला होता. पण भिंतीवरून पातोडीची वाटी आली की ती पदराखाली झाकून आत न्यायची, आणि आम्हाला वाढताना "मीच केली" असा चेहरा करायची. परत जाणाऱ्या वाटीत आमच्या घरचं लिंबाचं लोणचं असायचं. दोघी दोन वर्षं अशा वागल्या आणि एकदाही समोरासमोर बोलल्या नाहीत. कारण आईच्या दृष्टीने याडी ही त्या जागेची बाई होती, जिथे माझे बाबा रोज संध्याकाळी जात.

बाबा वाईट नव्हते. जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होते, शांत होते, पिऊनही शांतच राहत. पण जात रोज. याडीने त्यांना कधी तिसरा पेग लागू दिला नाही. बाबांनी मिठाचं नाव काढलं नाही तरी ती झारा आपटायची. एकदा त्यांनी तक्रार केली, तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली होती, "मास्तर होणारी पोरगी हाय तुमची. तिच्या बापाले रस्त्यानं नीट चालता आलं पाह्यजे." मी मास्तरीण होणार हे तिने माझ्या आधी ठरवलं होतं.

मी बारावीत असताना तिच्या निराधार योजनेचा फॉर्म भरून दिला. बँकेत तिला अंगठा लावावा लागे, आणि त्याचा तिला भारी राग होता. "छोरी, ही शाई धुतल्यानं जात नाई. दिवसभर कणकीत उतरते," ती म्हणाली, आणि मग, "मले नाव लिवता येईन का वं?" बार दुपारी रिकामा असायचा. मी मागच्या दाराने जायची. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं आणि त्यात बोटाने अक्षर काढायचं. तिच्या नावातलं पहिलंच अक्षर अवघड होतं. "एवढं वाकडं कायले केलं यायनं?" म्हणून ती रागवायची, पीठ सपाट करायची, पुन्हा काढायची. महिनाभर लागला. पहिली सही तिने बँकेत केली आणि घरी परत येताना आमच्या पुढच्या दाराने आली. एरवी ती कधी पुढून येत नसे. आईला म्हणाली, "तुमच्या पोरीनं मले माणूस केलं." आईने तिला बसायला पाट दिला. दोघी त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. मग तिला सहीचं वेडच लागलं. गॅसचं पुस्तक, दुधाचं कार्ड, मसाल्याच्या डब्याच्या झाकणाची आतली बाजू, दिसेल तिथे ती सही करायची.

लग्न होऊन मी दारव्ह्याला गेले, तिथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. काही वर्षांनी बाबांचं लिव्हर बिघडल्याचं कळलं, आणि मी बदली मागून परत यवतमाळला आले. आता लेआउट पार बदललं होतं. महिला मंडळ होतं, हरिपाठ होता, आणि बारविषयी सगळ्यांची तक्रार होती. गर्दी वाढली होती, बाहेरची टोळकी यायची, याडीच्या झाऱ्याला न जुमानणारी. मंडळाने मला चिटणीस केलं. मीच सुचवलं की आपण आडव्या बाटलीचं मतदान मागू.

कायद्यात ती सोय आहे. वॉर्डातल्या ठरावीक टक्के बायकांनी मागणीवर सह्या केल्या की सरकार फक्त बायकांचं मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. मी जिवाच्या कराराने कामाला लागले. मला लेआउटची शांतता वगैरे काही नको होतं. मला माझे बाबा हवे होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की प्यायचं थांबलं नाही तर फार दिवस नाहीत. बाबांना गुडघ्यामुळे दोनशे पावलांपलीकडे चालवत नव्हतं. बार गेला की दारू गेली, इतकं ते सोपं गणित होतं.

सह्या कमी पडल्या. थोड्याच, पण मुदत संपत आली होती. ज्या घरांतून नकार होता तिथे मी तीन-तीनदा जाऊन आले होते. आणि मग मला याडी आठवली. ती बारच्या मागच्या खोलीत राहायची, तिचं नाव आमच्याच वॉर्डाच्या यादीत होतं. भांडी घासणाऱ्या दोघी बायकांचंही होतं.

त्याच दिवसांत मंडळ मागच्या नालीसाठीही सह्या घेत होतं. ती नाली दर पावसाळ्यात तुंबायची आणि घाण पाणी याडीच्या स्वयंपाकघरात शिरायचं. मी दुपारी मागच्या दाराने गेले, तशीच, जशी बारावीत जायची. हातात कागद होता, त्यावर मजकूर नव्हता, नुसते रकाने: नाव, पत्ता, सही. मजकुराचा कागद मी मुद्दाम वेगळा ठेवला होता.

"कायची सही वं, छोरी?" तिने हात पुसत विचारलं.

"नालीची," मी म्हणाले.

एवढंच. माझा आवाजही बदलला नाही. तिने चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग दोघी बायकांना हाक मारली. "या वं, बाई आपल्या नालीसाठी फिरून राह्यल्या उन्हातान्हात." त्यांनी अंगठे लावले. निघताना तिने मला थंड पाणी दिलं आणि बाबांच्या तब्येतीची चौकशी केली. मी तिला खरं सांगून का विचारलं नाही? ती नाही म्हणेल याची मला खात्री होती, म्हणून. तिच्या पोटाचा प्रश्न होता. आणि तिने नाही म्हटलेलं मला परवडणार नव्हतं. हे मी तेव्हा स्वतःशीही एवढ्या सरळपणे बोलले नव्हते. मी म्हणत होते, चांगल्या कामासाठी आहे.

पण सह्यांची पडताळणी असते हे मी विसरले नव्हते. ती अशी होईल हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटलं होतं, कोणी कारकून कागद चाळेल आणि जाईल. तसं झालं नाही. सकाळी समाजमंदिरात उत्पादन शुल्क खात्याचे साहेब बसले आणि एकेका बाईचं नाव पुकारून समोर बोलवायला लागले. यादी घेऊन त्यांच्या शेजारी मीच बसले होते. दाराशी बारमालकाचा मुनीम उभा होता.

याडी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. नालीचे साहेब आले म्हणून. साहेबांनी मोठ्याने वाचलं, "तुमच्या वॉर्डातला बार बंद करण्यासाठी मतदान घ्यावं, या मागणीवर ही सही तुमची आहे का?"

तिला आधी कळलंच नाही. "कोनता बार?" ती म्हणाली. साहेबांनी नाव सांगितलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मूल हरवल्यावर ओळखीच्या माणसाकडे पाहतं तशी. मी यादीत बघत राहिले. माझ्या मागे लेआउटच्या पंधरा-वीस बायका उभ्या होत्या, त्यांत माझी आई होती. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर सगळं थांबलं असतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि घातलं.

"सही माहीच हाय," याडी म्हणाली.

"मागणी मान्य आहे ना? कुणी जबरदस्ती तर नाही केली?"

"सही केली म्हंजे हायेच न, साहेब."

तिच्या मागे उभ्या भांडीवाल्या दोघींनी तिचं पाहून मान डोलावली. मी तीन नावांपुढे बरोबरच्या खुणा केल्या.

मुनीम ही बातमी घेऊन मालकाकडे गेलाच होता. मालकाने तिला दुपारीच कामावरून काढलं. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं, त्या दिवशी केलं, असं वेटरने नंतर सांगितलं. ती एक वाक्य बोलली असती, की मास्तरीणबाईने मला फसवलं, तर तिची जागा वाचली असती आणि आमची मागणीही बारगळली असती. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटा-वरवंटा आणि दोन गाठोडी ऑटोत ठेवताना मला गच्चीवरून दिसली. शाळेला सुट्टी होती. मी खाली उतरले नाही. आईने विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाले.

मतदान झालं, आडवी बाटली जेमतेम जिंकली, पेढे वाटले गेले. आणि खरं सांगायचं तर, मला जे हवं होतं तेही झालं. बाबांची दारू सुटली. पहिले काही महिने फार कठीण गेले, पण सुटली. आता ते सकाळी अंगणात पेपर वाचतात, नातवाला पाढे शिकवतात. त्यांच्याकडे पाहून मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. जेवताना कधी कधी ते म्हणतात, "त्या बाईच्या हातची पातोडी खाऊन लय दिवस झाले. कुठं गेली कोण जाणे." आई खाली मान घालून वाढत राहते. तिला काय माहीत आहे ते मी कधी विचारलं नाही.

लेआउटमध्ये मात्र एक गोष्ट तयार झाली. याडीने स्वतःच्या पोटावर पाय देऊन बार बंद करायला सही केली, अशी. नव्याने राहायला आलेल्या बायकाही ती सांगायच्या. महिला दिनाला तिचा सत्कार करायचं मंडळाने ठरवलं, आणि तिला आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तुमचा तिच्याशी घरोबा, असं अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिचा तांडा पुसदच्या बाजूला आहे. भाच्याकडे राहत होती. एस.टी. आणि पुढे जीप करून मी दुपारी पोहोचले. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. तिने मला पाहिलं, "आली का, छोरी," म्हणाली आणि आधी जेवायला वाढलं. बाबा कसे आहेत विचारलं. दारू सुटली म्हटल्यावर तिने दोन्ही हात कानशिलावर नेऊन बोटं मोडली. मी ताट बाजूला सारलं.

"याडी," मी म्हणाले, "तू त्या दिवशी साहेबांना खरं काहून नाही सांगितलं?"

"एवढ्या बायकाइपुढं तुले खोटी पाडू? तुही नोकरी गेली असती." ती चुलीतलं लाकूड मागे ओढत बोलत होती. "पर एक गोष्ट सांगतो. तुनं मले इचारलं असतं, का याडी, माया बाप मरून राह्यला, बार बंद करायचा हाय, सही दे. त देल्ली असती म्या. रोज तुया बापाले मीच पाहत होती न. तुनं इचारलंच नाई."

मी रडले. आता रडून काय, हे कळत असतानाही रडले. म्हणाले, की सत्काराच्या दिवशी मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे, माझं जे व्हायचं ते होऊ दे. मला वाटलं होतं ती नको नको म्हणेल, किंवा निदान माझ्या पाठीवरून हात फिरवेल. तिने तसं काही केलं नाही.

"सांगून तुयं मन हलकं होईन," ती म्हणाली. "मायं काय होईन? मी इथं आली तवा मले कोनी पुसत नोतं. दारूच्या दुकानात जल्म घालवलेली बाई. मंग यवतमाळची बातमी आली. आता तांड्यातल्या बायका मले इचारून काम करतात. मोहाची भट्टी बंद करायची त मले पुढं करतात. तांड्याचा नायक बी मले बसायले सांगते. हे सारं त्या सहीच्या पायी हाय. ते बी घेऊन जातं का आता?"

सत्काराला ती येणार नाही म्हणाली. इतक्या लोकांत शाल पांघरून खोटं बसता येणार नाही, तेवढं तिच्याने व्हायचं नाही. तांड्याच्या तोंडापर्यंत ती मला सोडायला आली. जीप येईपर्यंत शेजारी उभी होती. जीप आली तेव्हा म्हणाली, "राम रामी, बाई." छोरी म्हणाली नाही.

महिला दिनाला मंडळात तिच्या नावाची रिकामी खुर्ची ठेवली होती. दोन शब्द बोलायला मलाच उभं केलं. मी तिच्या धाडसाबद्दल बोलले. निरक्षर बाई उतारवयात सही शिकते आणि त्या सहीने स्वतःचीच रोजी-रोटी सोडते, असं बोलले, आणि चांगलं बोलले, कारण बोलण्याची मला सवय आहे. तिचा मान राखायला मी गप्प आहे की माझी अब्रू राखायला, हे मला उभ्या-उभ्या कळत नव्हतं, आजही कळत नाही. समोर दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मी खाली बसले तेव्हा अध्यक्षबाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्यासारखी शिकवणारी भेटली म्हणून ती घडली हो." मी त्यांना थँक्यू म्हणाले.